सगळ्यांसमोर

६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्यांचं वाचलं. लष्करी इस्पितळात जवानांना दटावून गोळ्या गिळायला लावायचीस, आता स्वतःलाही दटाव जरा.

इथे माझं डोकं फिरायची वेळ आलीय. तुकडी हातात आल्यापासून रोज परेडनंतर विचारतो, कुणाला काही अडचण आहे का. सगळे एका सुरात नाही म्हणतात. संध्याकाळी ऑफिसचं दार उघडं टाकून बसतो, तर चिटपाखरू फिरकत नाही. भिंतीशी बोलावं का मी?

एकच जण बोलला होता गं. आमचा वायरलेसवाला लांबू. सरावात त्याच्या डोळ्यांदेखत जोडीदार ट्रकखाली आला, तेव्हापासून झोप नाही, हात थरथरतात, असं त्यानं आपणहून सांगितलं. मला इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी परेडवर त्याचं कौतुक केलं. झोप लागत नाही हे सांगायलाही धैर्य लागतं, सगळ्यांनी लांबूसारखं मोकळं व्हावं, असं म्हणालो. तेव्हापासून तो माझ्या नजरेला नजर देत नाही. डॉक्टरांकडे चल म्हटलं, तर ठणठणीत आहे म्हणतो. आणि डोळे बघावेत तर खोल गेलेले. हा पोरगा स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल अशी भीती वाटते. माझं काय चुकलं, तूच सांग.

तुझा,
कॅप्टन (तुझ्यासाठी अजून ढब्बूच)


१३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. रागात आहे, तरी आशीर्वादच.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. अरे शहाण्या, त्यानं तुझ्या कानात सांगितलं आणि तू भोंगा लावलास! बराकीत आता त्याला अंगाई म्हणून दाखवत असतील. बाकीच्यांनीही काय ते ओळखलं, की साहेबांना सांगितलं म्हणजे गावभर झालं. मग कोण मरायला येईल तुझ्या उघड्या दाराशी?

माझ्या वॉर्डात पाय तुटलेले जवान सगळ्यांदेखत ओरडायचे, पण मनातलं बोलायचं झालं की आधी पडदा ओढून घ्यायला सांगायचे. तुला तो पडदाच कळला नाही.

जिथे त्याला उघडं पाडलंस तिथेच माफी माग. झोपेचा पुन्हा उल्लेख नको. मग तो जे मागेल ते निमूटपणे दे. त्याला एकटा पडू देऊ नकोस, पण मागेमागेही फिरू नकोस. माझे गुडघे आहेत तसेच आहेत.

तुझी,
आत्या


९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

माफी मागितली. एका जवानानं विश्वासानं सांगितलेलं मी चारचौघांत बोललो, ती माझी चूक, एवढंच म्हणालो. मोठ्या साहेबांनी नंतर बोलावून झापलं, की अधिकाऱ्यानं माफी मागितली की वचक जातो.

दोन दिवसांनी लांबू आला. मला वाटलं, जमलं! पण त्याला डॉक्टरांकडे जायला मोकळीक हवी होती, आणि शेजारच्या तुकडीत बदली. आत्या, फार लागलं गं. वाद घालावासा वाटला, पण तुझं ऐकलं आणि दोन्ही दिलं. आता डॉक्टरांची गोळी चालू आहे आणि रात्री थोडी झोप लागते, हे त्यानंच जाताना सांगितलं. नव्या साहेबांना यातलं काही कळू देऊ नका, मला जमेल तेव्हा मीच सांगेन, अशी गळही घातली. मी शब्द दिला.

काल मेसमध्ये जेवताना लांबूचा नवा साहेब, शेजारच्या तुकडीचा कॅप्टन, मोठ्यानं हसत म्हणाला, की मी माझ्या माणसांचा छळ करतो वाटतं, म्हणून ती पळून त्याच्याकडे येतात. सगळं टेबल हसलं. मोठे साहेब माझ्याकडे बघत राहिले. आत्या, एका वाक्यात त्याचं तोंड बंद केलं असतं. वाक्य अगदी जिभेवर होतं. मी डाळ वाढून घेतली आणि म्हणालो, असेल, माझंच काहीतरी चुकत असेल.

अजून चरफडतोय. तू तरी माया आटवू नकोस.

तुझा,
ढब्बू