बिनरंगाचा ठिपका

सर, काल कराडला जाऊन आलो. तुमच्या लाडक्याबरोबर. मेंढरं राखून कवठे महांकाळच्या शाळेत यायचा, तोच. आता माझ्यासारखाच म्हातारा झालाय आणि विश्रामबागेत माझ्या शेजारच्या गल्लीत राहतो. त्याची नात कराडच्या एका प्रयोगशाळेत विषाणू बघते. ‘चल की गड्या, लय भारी यंत्र हाय,’ म्हणाला. नात त्याची, यंत्र तिचं, मी आपला पाहुणा.

वाटेत तुमचा तास आठवत होता. खिडकीशी पितळी सूक्ष्मदर्शक, काचपट्टीवर कांद्याचा पातळ पापुद्रा. त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा मान तुम्ही दरवेळी त्यालाच देता. मी पहिल्या बाकावरून हात वर करतो. ‘तू आपली कविता म्हण. तुझा हात हलतो,’ तुम्ही म्हणता, आणि वर्ग हसतो. पापुद्रा पिवळा होतो, पेशी उठून दिसतात. ‘रंग दिल्याशिवाय दिसत नाही,’ हे तुमचं ठरलेलं वाक्य. मला वाटायचं, सरांच्या लेखी मीही तसाच, बिनरंगाचा.

काल मी त्या पोरीला विचारलं, ‘रंग कुठला घालतेस?’

‘काहीच नाही, आजोबा. विषाणूवरून थोडा उजेड विखुरतो, काचेवरून थोडा परत येतो. दोन्ही मिसळले की ठिपका उमटतो. तो किती गडद, त्यावरून विषाणू केवढा ते ओळखायचं.’

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. त्याच्या आयोडीनची गरजच संपली होती!

मग तिनं थेंब सोडायची नळी आपल्या आजोबापुढे धरली. त्याच्याच पुढे, अर्थात. त्यानं ती माझ्या हातात दिली. ‘सरांनी तुला कवाच दिली न्हाई. घे. हलू दे हात.’ हात हललाच. थेंब पडला. पडद्यावर नुसतं करडं धुकं, आणि त्यात एक काळा ठिपका, मग लांबवर दुसरा. ‘आला बघ तुझा!’ तो माझ्याआधी ओरडला.

म्हणजे पहिल्या बाकावरचा माझा हात त्याला तेव्हाही दिसत होता. तुम्हाला नाही, त्याला. यानं मत्सर निवायला हवा होता, उलट वाढला. चांगुलपणातही तोच पुढे!

संध्याकाळी तो चहाला येईल, ‘आज सर असतं, तर त्यास्नी सांगितलं असतं,’ म्हणेल. मी नुसती मान हलवीन. हा कागद गादीखालीच राहील. तुम्हाला आधी मी सांगितलं, हे त्याला कळू द्यायचं नाही.