आठ माणसं, सहाशे किलो

११ जाने., रवि.
माझ्या दिवसभरात तीन फेऱ्या. अल्ताफच्या आठ.
दोघांच्या बोटी सारख्याच. दोन्हींवर तोच पत्रा ठोकलेला: माणसं ८, वजन ६०० किलो. तरी गिऱ्हाईक त्याच्याकडं. कारण काय, तर धान्याच्या दुकानातला जुना वजनकाटा त्यानं धक्क्यावर आणून ठेवलाय. एकेकाला वर उभं करतो, मग कोणी कुठं बसायचं ते सांगतो. लोकांना मजा वाटते, फोटो काढतात. आम्ही काय धान्य वाहतो?
चौदा वर्षं या धरणावर बोट चालवतोय मी. इंजिन चालू कसं करायचं हे त्याला मीच शिकवलं.

१४ जाने., बुध.
संक्रांत. गर्दी भरपूर, माझी बोट निम्मा वेळ रिकामी.
दुपारी बघतो तर माझी बायको सुनीता धक्क्यावरची चहाची टपरी सोडून त्याच्या काट्यावर चढलेली. हसत होती. माझ्या बोटीत ती दोन वर्षांत बसलेली नाही.
घरी म्हणाली, "पोरगं जबाबदारीनं वागतं हो."
पोरगं. बत्तीस वर्षांचा हाय तो. जेवलो नाही धड.

१८ जाने., रवि.
लिहू का नको, असं झालंय.
मिरजगावकडचे आठ पैलवान आले. आधी अल्ताफकडं गेले. दोघांचं वजन केलं आणि म्हणाला, "चार-चार जन करा. दोन फेऱ्या मारू." त्यांना सगळ्यांना एकत्रच जायचं होतं. मी लांबून हाक मारली, "या इकडं. आठ जागा, आठ मानसं." अल्ताफकडं बघूनच म्हणालो.
जॅकेटचे पट्टे त्यांच्या छातीवर जुळेनात. तसेच सोडले. तिथंच थांबायला पाहिजे होतं.
धक्का सोडला तेव्हा पाणी काठापासून जेमतेम वीतभर खाली. मधे गेल्यावर वारं सुटलं. बोट वळवायला गेलो तर वळेना, जड म्हशीसारखी. एकजण मोबाईल घेऊन उठला, तशी बोट कलली आणि काठावरून पाणी आत आलं. घोट्यापर्यंत. दुसरा उठायला लागला. मी ओरडलो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.
अल्ताफ बोट घेऊन आला. लांबूनच इंजिन बारीक केलं, त्याच्या लाटेनं आम्ही बुडू नये म्हणून. हळूच बाजूला लागला. "उठायचं न्हाई कुनी. बसल्या-बसल्या सरका. एकेक." चौघांना घेतलं. मग माझी बोट वर आली.
धक्क्यावर पैलवान त्याच्या पाया पडायला निघालेले. मी दोर बांधत बसलो.

२० जाने., मंगळ.
हिशोब मांडला. एकेक पैलवान नव्वद-पंच्याण्णवचा. आठ जणांचे सव्वासातशेच्या वर. पत्र्यावरचे दोन्ही आकडे पाळायचे असतात, जो आधी भरेल तिथं थांबायचं. मी चौदा वर्षं फक्त डोकी मोजली.
आणि नववा मी. स्वतःला आजवर धरलंच नव्हतं.
अ. नं कुणाला सांगितलं नाही वाटतं. सुनीता रविवारी टपरीवर नव्हती, तिला काहीच माहीत नाही. त्यानं चारचौघांत मला झापलं असतं तर बरं झालं असतं. हा चांगुलपणा जास्त जाळतो.

२४ जाने., शनि.
सकाळी सगळ्या बोटवाल्यांची बैठक. प्रत्येक बोटीत चढणारी माणसं आणि वजन बघायला धक्क्यावर एक माणूस नेमायचा. तो म्हणेल तेवढेच बसवायचे. सगळे अल्ताफकडं बघत होते. मी खाली बघत होतो.
अ. उठून म्हणाला, "विलासभाऊंना नेमा. त्यांच्याइतकं पानी कुनाला कळतं?"
टपरीतून सुनीता ऐकत होती. किती दिवसांनी तिनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं.
नंतर त्याला बाजूला घेतलं. "रविवारचं सांगितलं का न्हाईस?"
"ते तुमी सांगायचं, भाऊ. मी कशाला?"
"आनि न्हाई सांगितलं तर?"
"तरी बी मी तुमचंच नाव घेनार." इंजिनचं झाकण पुसत म्हणाला. वर बघितलं पण नाही.
सुनीतानं आज गोड केलंय. शेजारी वाटीभर देऊन आली.
उद्या दहाला परत जमायचंय. मी अजून हो म्हणालेलो नाही.