डोंगलला जागा नाही

मंगळवार, संध्याकाळ

माझा कॉम्प्युटर नवी रॅम घेणार नाही, असं दुरुस्तीवाल्या रशीदने आज उघडून बघून सांगितलं. मी फक्त रॅम वाढवायला बोलावलं होतं!

"काका, रॅम नवी तर बोर्ड नवा. बोर्ड नवा तर प्रोसेसर."

"आणि हे डोंगल?"

"त्याचा पोर्ट आता येतच न्हाय."

डोंगल म्हणजे मागे खोचायची किल्ली; तिच्याशिवाय माझं जुनं मराठी सॉफ्टवेअर चालत नाही आणि जुने लेख उघडतच नाहीत.

पहिला कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचो. प्रोग्रॅम कॅसेटवरून चढायचा; तिची किरकिर संपेपर्यंत जेवण उरकायचं. बाहेर कापडाचे लूम खडखडतायत, तरी आज ती किरकिरच का ऐकू येते?

हे मशीन सारखं बंद पडतं. नव्यात माझंच लिखाण मला वाचता येणार नाही. पण शुक्रवारी लेख द्यायचाय. उद्या रशीद नवा बोर्ड आणेल आणि मी मुकाट्याने बसवून घेईन.