आतून उजवी, बाहेरून डावी

प्रिय मने,

पत्र बघून दचकू नकोस. आईचा गुडघा आहे तसाच आहे आणि ऑपरेशनची तारीखही बदललेली नाही. मी लिहितोय ते बिजागरीबद्दल. हसलीस ना? हस. इथे गेले तीन आठवडे तुझी आई हसतेय, आणि सुतार तर सरळ माझ्या तोंडावर हसतो.

झालं असं. तू आईला फोनवर म्हणालीस की ऑपरेशनसाठी पंधरा दिवस येते, पण राहीन मावशीकडे, सकाळी येईन नि संध्याकाळी परत जाईन. मी म्हटलं, स्वतःचं घर असताना मावशीकडे कशाला? गादी टोचत असेल तर नवी आणू, पंखा कुरकुरतो तो बदलू. आई भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली की तिच्या खोलीला दार नाही. एवढंच बोलली आणि पुन्हा निवडायला लागली. मला वाटलं, हात्तिच्या, इतकंच ना? दार कपाटामागे उभं आहे, बसवून टाकू.

दार चांगलं निघालं. फक्त खालच्या कडेला थोडं फुगलंय, ते सुतार रंधा मारून देणार आहे. पण बिजागऱ्याच नाहीत. मागे रंगकाम केलं तेव्हा रंगाऱ्याने चौकटीवरच्या काढल्या आणि बहुतेक फेकून दिल्या. सुतार म्हणाला, तुम्हीच आणा, मी बसवतो. मीही मोठ्या तोऱ्यात निघालो.

मने, बिजागरी म्हणजे बिजागरी, असा माझा समज होता. दुकानदाराने काउंटरवर पत्ते मांडावेत तशा दहा-बारा मांडल्या. साधी, बेअरिंगची, दार आपोआप लोटणारी स्प्रिंगची, दोन्हीकडे उघडणारी. मग विचारतो, दार किती जाड? वजन किती? तीन लावणार की दोन? आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस मी, पण उभ्या उभ्या घाम फुटला. शेवटी म्हटलं, जुनी होती तशीच द्या, दार वर उचललं की निघून येतं ती. तेवढी एकच मला नीट आठवत होती. का आठवत होती, ते पुढे लिहितो.

त्यावर त्याने विचारलं, डावी की उजवी? तिच्यातही डावी-उजवी असते म्हणे. मी डोळे मिटून आपला पॅसेज आठवला, तुझ्या खोलीसमोर उभा राहिलो आणि डावी म्हणून सांगितलं. घरी आणली तर सुतार म्हणतो, काका, हिच्यावर दार बसवायचं तर खोली उलटी करावी लागेल. बदलायला गेलो. दुकानदाराने शांतपणे समजावलं की दार ज्या बाजूला उघडतं त्या बाजूला उभं राहून बघायचं. तुमचं आत उघडतं ना, मग खोलीत जाऊन बघा. आतून उजवी असेल ती बाहेरून डावीच दिसणार.

म्हणून परवा दुपारी मी तुझ्या खोलीत गेलो. जाण्यासारखं काय आहे त्यात, रोज झाडायला बाई जाते. पण मी आत उभा राहून बाहेर कधी बघितलंच नव्हतं. बिजागरी कुठल्या हाताला येते ते पाहिलं, उजव्या. मग पाय दुखले म्हणून तुझ्या टेबलाशी बसलो आणि मान वर केली, तर समोर पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला माझी खुर्ची. पेपर ठेवलेली, चष्मा ठेवलेली. मधे काहीसुद्धा नाही. मी तिथे किती वेळ बसलो ते आठवत नाही. आई हाक मारून थकली.

तू अकरावीत होतीस. सहामाहीत गणितात नापास झालीस, माझ्याच विषयात, आणि दार लावून बसायला लागलीस. मी वर्गाचं दार कधी लावलं नाही, तुला ठाऊक आहे. उघड्या दारात पोरं सरळ वागतात असं मी नव्या मास्तरांनाही ऐकवायचो. म्हणून एका रविवारी दार उचललं आणि काढून ठेवलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. वार्षिक परीक्षा होईपर्यंत, असं म्हणालो होतो. तू पास झालीस, चांगली झालीस, आणि मी दार परत लावलं नाही. तू मागितलंही नाहीस. दोरी बांधून चादर टाकलीस, तीही मी दिवसा वर गुंडाळून ठेवायचो, उजेड यावा म्हणून. नोकरी लागून तू जाईपर्यंत कपडे बदलायला न्हाणीघरात जात होतीस, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

ती बिजागरी मी परत केली. आता आणल्यात त्या साध्या, पक्क्या खिळीच्या, दार उचललं तरी न निघणाऱ्या. त्या आतल्या बाजूला येतात, म्हणजे दार लावलेलं असताना बाहेरून त्याला कुणी हात लावू शकत नाही. दुकानदाराने दोनदा सांगितलं की उद्या काढायची वेळ आली तर फार खटपट पडेल. म्हटलं, पडू दे. कडी एकच, आतून.

एका गोष्टीत मात्र अजून गोंधळ आहे, आणि तो माझ्याने सुटत नाही. सुतार म्हणतो, खाचा नव्याने पाडायच्याच आहेत, तर दार दुसऱ्या बाजूनेही टांगता येईल. तसं केलं तर दार अर्धं उघडं असलं तरी तुझं टेबल खुर्चीवरून दिसणार नाही, पण सकाळचा वारा थोडा अडेल. आई म्हणते, तुम्ही ठरवू नका, तिला विचारा. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर मी नुसतं डावी-उजवी विचारून मोकळा झालो असतो. माझं चुकलं, मने, हे फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं. सुतार शुक्रवारी येणार आहे, तोवर बाजू कळव. राहायचं मावशीकडेच असेल तर खुशाल राहा, मी काही म्हणणार नाही. दार बसेलच.

तुझाच,
बाबा