शिवल्या खायच्या का?

मंगळवार, संध्याकाळ. वाशी.

हिरामावशींचा प्रश्न डोक्यातून जात नाही. सकाळी पावणे गावाजवळ मी तपासणीसाठी खाडीचा गाळ डब्यात भरत होते. शेजारी त्या नेहमीसारख्या चिखलातून शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचत होत्या. म्हणाल्या, "बाय, तू तपासतेस ना? मंग या खावाला चालतीन का?"

मी म्हटलं, "मावशी, गाळात कुठले जीव आहेत त्यांची नावं लिहून द्यायची, एवढंच माझं काम."

"नाव त आमाला पन ठावं हाय," त्या हसल्या.

दुपारी मायक्रोस्कोपखाली बघितलं. घाणीत तगणारे बारीक तांबडे किडेच, बाकी जवळजवळ काही नाही. रिपोर्टात नावं लिहिली. पण शिवल्या खायच्या का? त्या मी तपासलेल्या नाहीत, मग कुठल्या तोंडाने सांगू? मी स्वतः खाल्ल्या असत्या का? नाही. मग हे सकाळीच का नाही बोलले?

शेवटी फोन केला. "मावशी, खात्री नाही, पण मी माझ्या मुलीला दिल्या नसत्या."

मावशी म्हणाल्या, "आजच्या खाऊन झाल्या, बाय. नातीनं दोनदा मागून खाल्ल्या."