गिन्झा सोडून इथे कशाला?

४ फेब्रुवारी
वस्तादांनी आज नवा माणूस आणला. कुवाजिमा. टोकियोत, गिन्झातल्या बड्या दुकानात सुशी वळायचा म्हणे. आणि आता उओझूसारख्या लहान गावात! आमच्या नऊ खुर्च्यांच्या दुकानात! मला आधी एका शब्दाने सांगितलं नाही. नुसतं, "तोमोए, याला पांढरा कोट दे."
कुठेतरी पाणी मुरतंय.

५ फेब्रुवारी
माझी मैत्रीण रित्सुको, तिला फोन केला. ती आधी टोकियोत होती, आता लंडनमध्ये सुशी करते. गिन्झात त्याच्या तोडीच्या माणसाला महिना सात लाख येन सहज मिळत असतील, म्हणाली. नागोयात साडेतीन-चार. इथे माझे दोन लाख चाळीस हजार. लंडनचा आकडा मात्र ऐकायलाच मोठा, अर्धा घरभाड्यात जातो, असं स्वतःबद्दल सांगते.
मग सात लाख सोडून कुणी इथे कशाला येईल? "पळून आला असेल," ती म्हणाली. "नाहीतर दुकानावर डोळा असेल."
दुकानावर डोळा, हेच खरं असणार. वस्तादांना मूलबाळ नाही. माझ्यानंतर दारावरचा पडदा तुझा, असं त्यांनी मला कधीच सांगून ठेवलंय. त्या पडद्यावर दुकानाचं नाव आहे. पडदा ज्याचा, दुकान त्याचं. नाहीतर या पगारावर मी इथे कशाला राहिले असते? तोयामातल्या हॉटेलवाल्यांनी दोनदा बोलावलं होतं.

९ फेब्रुवारी
भातात घालायचं व्हिनेगर आज कुवाजिमाने मिसळलं!
ते काम वस्तादांचं. मीठ किती, साखर किती, मला इतक्या वर्षांत जवळसुद्धा येऊ दिलं नाही. हा आला काय आणि बरणी हातात घेतली काय! वस्ताद बाजूला उभे राहून मान डोलवत होते. मी मागे कोळंबी सोलत होते. राग आला, रडूही आलं. रडलेलं कुणाला दिसू दिलं नाही.
सूपात मीठ बरोबर आहे का बघायला मात्र हल्ली रोज वस्तादांची मला हाक. हलकी कामं तेवढी माझ्याकडे.

१० फेब्रुवारी
गिन्झासाहेबांना सरळ पगार विचारला. "तुमच्यापेक्षा जास्त नाही," म्हणाला, आणि हसला. तोंडावर खोटं!

१८ फेब्रुवारी
आमचं जुनं गिऱ्हाईक, दातांचे डॉक्टर होरिता, आज आले. शरद ऋतूपासून फिरकले नव्हते. पहिलाच घास खाऊन म्हणाले, "वा, भात पुन्हा पूर्वीसारखा झाला की!" कुवाजिमाने खाली मान घालून माशावर सुरी चालवली. लोकांना गिन्झा म्हटलं की सगळंच गोड लागतं.
वस्ताद हसले नाहीत.

२५ फेब्रुवारी
पगार झाला. काकूंनी, म्हणजे वस्तादांच्या बायकोने, पाकिटं दिली. तेव्हा मी सहज म्हटल्यासारखं कुवाजिमाचा पगार विचारला. खोटं नव्हतं! माझ्याइतकाच. त्यानेच सांगितलंय म्हणे, तोमोएपेक्षा एक येनही जास्त देऊ नका.
"तो काही परका नाही गं," काकू म्हणाल्या. "तू यायच्या आधी इथेच शिकला. यांचा पहिला शिष्य."
पहिला शिष्य! म्हणजे पडद्यावर हक्क आधी त्याचा. पगार कमी घेतो तो माणूस काहीतरी मोठं घ्यायला आलेला असतो. झोप येत नाही.

२ मार्च
आज पकडलं!
कुवाजिमाला यायला उशीर झाला म्हणून व्हिनेगर वस्तादांनी मिसळलं. ते फोन घ्यायला बाहेर गेले. हा मागच्या दाराने आला, बोट बुडवून चाखलं आणि सगळं मोरीत ओतलं! पटकन दुसरं मिसळून बरणी होती तिथे ठेवली. वस्तादांच्या हातचं व्हिनेगर मोरीत!
मी दाराआड होते. त्याला दिसले नाही. गुरूच्या पाठीमागे असं करणारा माणूस उद्या माझं काय करेल?
वस्तादांना सांगून उपयोग नाही. माझ्या पोटात दुखतंय, असंच त्यांना वाटेल. त्यांना स्वतःला कळायला हवं.

६ मार्च
उद्या कुवाजिमा सकाळी तोयामाच्या बाजारात जाणार. त्याने व्हिनेगर आजच मिसळून ठेवलंय. त्यात मीठ घालायचं. भरपूर. वस्तादांची जीभ म्हणजे काय! एकदा तांदळाची गोणी बदललेली त्यांनी एका घासात ओळखली होती. उद्या एक घास खातील आणि गिन्झासाहेबांचा पत्ता कट.
वाईट आहे हे. कळतंय मला. पण दुकान जातंय माझं.

७ मार्च
तीन मुठी मीठ घातलं. भात काठवटीत कालवला. वस्तादांना हाक मारली. त्यांनी चिमूटभर उचलला, सावकाश चावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.
"छान झालाय," म्हणाले. "घे वळायला."
ते बाहेर गेल्यावर मी घास घेतला. थुंकून टाकावा लागला.
सगळा भात बादलीत ओतला. दुसरा शिजायला लावला. कुवाजिमा आला. त्याने बादली बघितली, मग माझ्याकडे बघितलं.
"वस्तादांना चव कळली नाही ना?" त्याने हळूच विचारलं.
मी नाही म्हटलं. त्याने व्हिनेगरची बाटली माझ्या हातात दिली आणि दाराशी जाऊन उभा राहिला, वस्ताद येतायत का बघायला.
मी जिभेवरच्या चवीच्या अंदाजाने मिसळलं. चाखलं. वस्तादांची चव आली, पूर्वीची.