साडेबाराची शिट्टी

हिंजवडी, ५ जानेवारी २०२५

चि. तुळजास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. हिरोशिमा पाहून आल्यापासून मला झोप नाही. दगडखाण पोराच्या, साहिलच्या हाती देऊन उरलेलं आयुष्य अण्वस्त्रबंदीला वाहिलंय. बावीस तारखेला पौडला पदयात्रा आहे. रिह्यातल्या पन्नास बायका घेऊन ये. सोबतच्या निवेदनावर सही कर.

तुझा दादा,
हैबतराव

रिहे, ९ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्याशी बोलणार नाही म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. जपानातल्या पडक्या भिंती बघून तुला रडू आलं म्हणे! माझी भिंत तुझ्या खाणीपासून दहा मिनिटांवर आहे, तिच्या भेगेत हात जातो. रोज साडेबाराला सुरुंगाची शिट्टी झाली की आम्ही भरलं ताट सोडून चिंचेखाली पळतो. परवा दगड पत्रा फोडून चुलीपाशी पडला. नात आरोही तिथून नुकतीच उठली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

सहीचं म्हणशील तर, एका भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी तू कागद ठेवलास. माहेर तुटू नये म्हणून मी न वाचता सही केली आणि बापाच्या डोंगरावरचा माझा हक्क गेला. त्याच डोंगराची तू खाण केलीस.

मला बॉम्बची भीती वाटत नाही दादा, तुझी वाटते. खाण बंद कर.

ढोंगावर नाही, पण भावावर लोभ असलेली,
तुळजा

हिंजवडी, १४ जानेवारी

चि. तुळजास आशीर्वाद.

सुरुंग वेगळा, अणुबॉम्ब वेगळा, एवढंही कळू नये? खाणीला परवाना आहे. आणि पदयात्रेचा खर्च काय आभाळातून पडतो? भेग बुजवायला सिमेंटच्या चार गोण्या पाठवतोय. बायकांना वेळेत आण. आज संक्रांत, तिळगूळ घे, गोड बोल.

दादा

रिहे, २३ जानेवारी

ती. दादास नमस्कार.

काल बायका जमल्या. पन्नास नव्हे, एकशे दहा. पौडला मात्र कुणी आलं नाही. भाकरी बांधून सगळ्या खाणीत जाऊन बसलो. तुझ्या मांडवात खुर्च्याच भाषण ऐकत होत्या म्हणे.

साहिल शिट्टी घेऊन आला. आत्या, उठा, म्हणून हात जोडले. मी म्हटलं, चार वर्षं उठलो, आता तू बस. पोरगं बराच वेळ घुटमळलं, मग शिट्टी खिशात घालून माझ्याशेजारी जेवायला बसलं. बापापेक्षा लवकर शहाणं झालं.

उद्याही बसणार आहोत. तुझ्या वाटणीची भाकरी बांधते. यायचं तर भाषण घरी ठेवून ये.

तुळजा